केकच्या थाळीवरचे देव

संगमनेरकडच्या एका कॉलेजात जुन्या वस्तूंचं छोटंसं दालन आहे. तिथे भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर चांदीचे पाच टाक सावकाश फिरत असतात. टाक म्हणजे देवघरातले ते लहान पत्रे, देवाची आकृती ठोकून उठवलेले, तळहातावर दोन-तीन सहज मावतील एवढे. पडद्याला बोट लावलं की टाक थांबतो, दोन बोटं फाकवली की मोठा होतो. दालन सुरू झालं त्या दिवशी तिथल्या एका प्राध्यापकांनी खंडोबाचा टाक असा मोठा केला आणि घोड्याच्या पोटाखाली बोट ठेवून विद्यार्थ्यांना सांगितलं, "इथे हा उंचवटा दिसतोय? हा बहुतेक देवाचा कुत्रा. झिजल्यामुळे ओळखू येत नाही." दोन-तीन मुलींनी ते वहीत उतरवून घेतलं. मी शेजारीच उभा होतो, हातात सत्काराचा नारळ आणि गुलाबाचं फूल घेऊन.

तो कुत्रा नाही. तो पायाच्या चिखल्यांवर मारायच्या पावडरीचा गोळा आहे. हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि जांभई आल्यासारखं करून मिटलं. नारळ मात्र घरी आणला. बायकोने त्याची चटणी केली, ती मी ताटात तशीच ठेवली.

मी नगरला फोटो स्टुडिओ चालवतो. आता अहिल्यानगर लिहायचं असतं, पण बोलताना जिभेवर नगरच येतं. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, आणि लग्नाआधी नवरा-नवरी धरणाच्या भिंतीवर हात पसरून उभे राहतात ते फोटो. या शेवटच्या प्रकाराचा मला इतका वीट आला की मी थ्रीडी स्कॅनिंगच्या नादी लागलो. ऐकायला ते सोपं आहे. लहान वस्तू मधोमध ठेवायची, चहूबाजूंनी तिचे शंभरेक फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरला द्यायचे. पहिल्या फोटोतला ओरखडा दुसऱ्या फोटोत कुठे सरकला, तिसऱ्यात कुठे गेला, हे तो शोधत बसतो आणि त्यावरून वस्तूची घडण उभी करतो. वस्तूवर डाग असावेत, खरखर असावी, तिने जागची हलू नये आणि मुख्य म्हणजे ती चकाकू नये. चकाकी प्रत्येक फोटोत जागा बदलते आणि कॉम्प्युटर बिचारा तिच्यामागे धावत सुटतो. हे सगळं मला पाठ होतं. कुणी न विचारता मी ते सांगायचो.

स्टुडिओच्या मागच्या खोलीत, जिथे पूर्वी काश्मीरचा रंगवलेला पडदा लावून मी लोकांना बर्फात बसवायचो, तिथे मी मांडामांड केली. खिडकी काळ्या कागदाने बंद केली. थर्माकोलच्या मोठ्या खोक्याला तिन्ही बाजूंनी चौकोन कापले आणि त्यांवर ट्रेसिंग पेपर लावला, म्हणजे दिव्यांचा उजेड मऊ होऊन आत यावा. मधोमध फिरती थाळी. केकवर क्रीम लावणारे वापरतात ती, बेकरीचं सामान विकणाऱ्याकडून आणलेली. तिच्या कडेला पेन्सिलीने छत्तीस खुणा केल्या. एक खूण पुढे फिरवायची, थाळी थांबू द्यायची, कॅमेऱ्याला हात न लावता रिमोटने फोटो काढायचा. छत्तीस झाले की कॅमेरा थोडा वर, पुन्हा छत्तीस, आणखी वर, पुन्हा छत्तीस. ट्रायपॉडचे पाय कुठे ठेवायचे त्या जागी फरशीवर टेप चिकटवली. मग एक बटाटा स्कॅन केला, एक लिंबू केलं, स्वयंपाकघरातून आल्याचा तुकडा पळवून तो केला. आलं इतकं सुंदर निघालं की मी ते सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. कुणी काही बोललं नाही. एका काकूंनी आलेपाकाची कृती पाठवली.

तेवढ्यात त्या कॉलेजातून विचारणा झाली. दालनासाठी घरोघरच्या जुन्या वस्तू स्कॅन करायच्या होत्या, आणि त्यांनी मला येत्या गुरुवारी नमुना घेऊन बोलावलं. बटाटा घेऊन तर जाता येणार नव्हतं. आमच्या घरी जुनं म्हणावं असं माझ्याशिवाय काही नाही. तेव्हा मला ताईच्या सासरचे टाक आठवले.

ताई कर्जत तालुक्यातल्या एका गावात दिलेली. दाजी साखर कारखान्यावर कामाला, घरी थोडी शेती, आणि घरात ताईच्या सासूबाई. ताई त्यांना आत्या म्हणते, मी मावशी म्हणतो. त्या मला पाव्हणं म्हणतात, आणि वयाने माझ्या आईएवढ्या असूनही अहो-जाहो करतात. सुनेच्या माहेरचा माणूस, त्याला दुखवायचं नाही, ही त्या घरची रीत आहे. ताईच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी गेलो आणि पायावर तांब्याभर पाणी घेतल्याशिवाय आत शिरलो किंवा माझ्याआधी कुणी जेवलं, असं कधी झालेलं नाही. या मानाची मला सवय झाली होती. वाईट सवय.

त्या गावच्या जत्रेत मी माझ्या स्कॅनिंगची बरीच फुशारकी मारली होती. मशीन हा शब्द मी पाच-सहा वेळा तरी वापरला असेन. मावशींनी विचारलं होतं, "केवढं हाय मशीन?" आणि मी दोन्ही हात असे काही पसरले की त्यांना ऊसतोडणीचं यंत्र डोळ्यांसमोर आलं असणार. सोमवारी सकाळी मी टाक न्यायला गेलो तेव्हा ते माझ्याच अंगाशी आलं.

"हितंच काढा की फोटू," मावशी म्हणाल्या. "टेम्पो धाडते, मशीन त्यात घालून आना. द्येव कशाला भाईर न्यायचं?"

थर्माकोलचं खोकं, केकची थाळी आणि दोन दिवे. मोटरसायकलवर मागे बांधून सगळं आलं असतं. पण ते त्या अंगणात उतरवायचं, चार आयाबाया जमणार, आणि हेच का ते मशीन म्हणून बघणार, हे मला नको होतं. मी म्हणालो, "मावशी, मशीन हलवलं की त्याचं सेटिंग बिघडतं."

त्यांनी ताईकडे पाहिलं. ताईने माझ्याकडे पाहिलं, आणि मग आत्यांकडे बघून मान हलवली. माझ्या शब्दावर तिने तिचा शब्द ठेवला, तो असा.

मावशींनी एकेक टाक उचलून कपाळाला लावला आणि पितळी डबीत तांदळांवर ठेवला. खंडोबा, तुळजाभवानी, भैरवनाथ, जोगेश्वरी. पाचवा सगळ्यांत लहान, घोड्यावरचा माणूस, नाक-डोळे पार झिजलेले. "हे आमचं धाकटं दीर," त्या म्हणाल्या. "लगीन व्हायच्या आधीच गेलं. मी नवी नवरी हुते तवा माझ्या हातची भाकर लई आवडायची त्यांना. ह्यांच्या आधी मी आजवर घास घेतला न्हाई." डबी लाल कापडात बांधून त्यांनी माझ्या हातात दिली, पण सोडली नाही. "दिवा लावायच्या आत आनून देता न्हवं?"

"त्याच्या आधीच."

"आन त्यांना काय लावू-बिवू नगा हां."

"मावशी, नुसते फोटो."

गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आधी त्याच्या हातात कंगवा देणारा माणूस मी. नगरला येऊन डबी उघडली आणि दिव्याखाली टाक पाहिले तर ते मला कळकट वाटले. वर्षानुवर्षांची हळद, भंडारा, कुंकू कानाकोपऱ्यांत बसलेलं, खाचांत काळं झालेलं. कॉलेजातल्या लोकांना असं दाखवायचं? मी ते पाण्यात घातले, चांदी घासायची पावडर घेतली आणि जुन्या टूथब्रशने लख्ख केले. बेसिनमधून पिवळं पाणी बराच वेळ जात होतं. आरशासारखे चमकायला लागले तेव्हा मी स्वतःवर खूश झालो.

मग थाळीवर खंडोबाला मातीच्या गोळीने उभा टेकवला आणि तीन फेऱ्या पूर्ण केल्या. कॉम्प्युटरने तासभर विचार करून जे दाखवलं ते पाण्यात जास्त वेळ राहिलेल्या पोह्यांसारखं होतं. घोडा नाही, देव नाही, नुसता लगदा. दिवे लांब नेले, पुन्हा केलं, पुन्हा लगदा. चकाकी! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या हळदीच्या थरांवरच तर कॉम्प्युटरने काम केलं असतं. डाग हवेत, खरखर हवी, हे जगाला सांगत फिरणाऱ्या माणसाने डाग आणि खरखर दोन्ही स्वतःच्या हाताने बेसिनमध्ये सोडून दिली होती. मावशींनी रोज एक चिमूट लावून जे केलं होतं ते मी अर्ध्या तासात घासून काढलं होतं.

त्या क्षणी डबी बांधून परत निघायला हवं होतं. दिवेलागणीच्या आत पोचलो असतो.

ताईचा फोन आला तेव्हा मी चकाकी दबावी म्हणून दिव्यांवर काळसर फिल्म चिकटवत होतो. "निघालास का, भाऊ?"

"लाईट गेलीय ताई," मी म्हणालो. माझ्या समोर दोन दिवे भगभगत होते. "उद्या सकाळी आणतो."

ती म्हणाली, "आत्या जेवल्या न्हाईत. देवाला निवद दाखवल्याबिगर जेवत न्हाईत त्या."

"मग आजच्या दिवस जेवू दे की. सांग त्यांना."

"तू सांग," ती म्हणाली. मी सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी आणखी दोनदा लगदा निघाला. मग एका व्हिडिओत उपाय सापडला. चकाकणाऱ्या वस्तूवर पांढऱ्या पावडरीचा पातळ थर मारायचा, म्हणजे तिची चकाकी मरते आणि फोटो जुळतात. त्याचा खास स्प्रे मिळतो, पण तो मागवून यायला आठवडा लागला असता. व्हिडिओतला माणूस म्हणाला, अगदीच नसेल तर पायाला मारतात तो पावडर स्प्रे चालतो. मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. दुकानदाराने डबा काढून देताना विचारलं, "चिखल्या झाल्यात का?" मी हो म्हणालो. डब्यावर मोठा तळपाय छापलेला होता, बोटं फाकवलेला.

आल्याबरोबर ताईचा फोन. "अजून जेवल्या नाहीत रे. गोळी पण रिकाम्या पोटी घेतली. शुगर आहे त्यांना, तुला माहितीये ना?" मला माहीत होतं. मी वैतागलो. माझं काम अडलं होतं आणि ही बाई हट्टाने उपाशी बसली होती, असं मला खरंच वाटलं. आणि मग मला युक्ती सुचली, जिचं तेव्हा मला फार कौतुक वाटलं. मी पाचही टाक थाळीवर ओळीने मांडले, दिवे लावले, मोबाईलवर एक छान फोटो काढला आणि ताईला पाठवला. खाली लिहिलं, 'आज या फोटोला नैवेद्य दाखवा म्हणावं. देव तेच आहेत.'

बऱ्याच वेळाने ताईने फोन केला. "आत्या म्हणतात, निवद फोटूला दाखवला तर मीबी जेवनाचा फोटूच बघायचा का?"

मी मोठ्याने हसलो. ताई हसली नाही. "लवकर ये," एवढंच म्हणाली.

वीस वर्षं लोकांचे फोटो काढले, पण पाठवण्याआधी तो फोटो मी नीट पाहिला नव्हता. देव बघितले, बाकीचं नाही.

मग मी दार लावलं. स्प्रे मारण्याआधी चपला काढून बाहेर ठेवल्या. कुणासाठी काढल्या, ते मला आजही सांगता येत नाही. डब्यावरच्या सूचना वाचल्या. फक्त बाहेरून वापरण्यासाठी, असं लिहिलं होतं, आणि देवांनाही मी बाहेरूनच मारणार होतो. पहिली फवारणी खंडोबावर. हात सरावलेला नव्हता, पावडर जास्त पडली आणि घोड्याच्या पोटाखाली तिची गुठळी झाली. मी ती पाहिली. टोकदार काडीने काढता आली असती. पण थर पुसला जाईल, पुन्हा मारावा लागेल, म्हणून राहू दिली. खोलीभर कापराचा आणि दवाखान्याचा मिळून एक वास पसरला.

आणि काम झालं! छत्तीस, छत्तीस, छत्तीस, आणि कॉम्प्युटरवर घोडा उभा राहिला. लगाम दिसला, देवाच्या हातातली तलवार दिसली. चांदीचा रंग नंतर मी कॉम्प्युटरवरच दिला. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता, हेही लिहायलाच पाहिजे. दिवस मावळेपर्यंत तीन टाक झाले. जोगेश्वरी आणि मावशींचे दीर राहिले होते. तीन नमुने कॉलेजला पुरले असते. मी स्वतःला सांगितलं, बायका नवरात्रात नऊ-नऊ दिवस उपास करतात. दोन दिवसांनी काय होतंय? आणि ताईला निरोप पाठवला, उद्या नक्की.

बुधवारी जोगेश्वरी झाली. दिरांची शेवटची फेरी चालू होती तेव्हा ताईचा फोन आला. ती रडत होती. "आत्या मोरीपाशी पडल्या. चक्कर आली. डॉक्टर आलेत, शुगर एकदम उतरलीय म्हणाले. बाटली लावलीय हाताला. गोड काही द्या म्हणतात तर तोंड उघडत नाहीत. भाऊ, तू कुठे आहेस?"

"निघालो," मी म्हणालो. "निघालोच."

फोन ठेवल्यावर मी काय केलं ते लिहायचं म्हणूनच खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. छत्तिसातले चौदा फोटो झाले होते. मी उरलेले बावीस काढले. एक खूण, थांबायचं, रिमोट. एक खूण, थांबायचं, रिमोट. घाई केली की फोटो हलतो, म्हणून घाईही केली नाही. ही गोष्ट ताईला माहीत नाही, मावशींना माहीत नाही, बायकोलाही नाही. पडद्यावर तो पाचवा टाक फिरतो तेव्हा लोक म्हणतात, हा सगळ्यांत स्वच्छ आलाय.

मग मात्र धावपळ. नळाखाली पाचही टाक धरले, ब्रश फिरवला, रुमालाने पुसले, डबीत टाकले. तांदूळ ओले झाले. कर्जतच्या रस्त्याने गाडी कशी चालवली ते आठवत नाही. मनात एकच घोकत होतो. त्यांना काही व्हायला नको. आणि त्याच्या मागून, अगदी चिकटून, दुसरं येत होतं. झालं तर माझं नाव येईल.

मी पोचलो तेव्हा मावशी बाजेवर बसल्या होत्या, हाताला कापूस चिकटवलेला. ताईने तांब्या पुढे केला. पायांवर पाणी घेताना मी खालीच बघत होतो. डबी मावशींच्या हातात दिली, आणि कुणी काहीही विचारलेलं नसताना म्हणालो, "मावशी, नुसते फोटोच काढले बघा. दुसरं काहीसुद्धा लावलं नाही."

"बरं," मावशी म्हणाल्या.

त्या भिंतीचा आधार घेत देवघरापाशी गेल्या. ताई हात द्यायला गेली तर नको म्हणाल्या. ताम्हनात पाणी घेतलं आणि एकेक टाक धुतला, पुन्हा धुतला, तिसऱ्यांदा धुतला. लख्ख चांदीकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या, अनोळखी माणूस दारात आल्यावर बघावं तसं. मग खंडोबाचा टाक डोळ्यांजवळ नेला, उदबत्तीची काडी मोडून घेतली आणि घोड्याच्या पोटाखालून काहीतरी पांढरं टोकरून काढलं. ते बोटावर घेतलं, हुंगलं नाही, काही नाही. पदराला पुसलं. भंडाऱ्याची चिमूट लावली.

ताईने भाकरी, वांग्याची भाजी आणि दूधभात असा नैवेद्य केला होता. मावशींनी पाणी फिरवून तो दाखवला, हात जोडले. मला वाटलं आता त्या जेवतील. त्या वळून ताईला म्हणाल्या, "पाव्हण्यास्नी वाढ."

"मावशी, आधी तुम्ही जेवा. मी खाऊन आलोय." खोटं नव्हतं. निघण्याआधी स्टुडिओत मिसळ खाल्ली होती, तिसरा टाक तपासता तपासता. नाही, ती मंगळवारी. बुधवारी वडापाव. या तीन दिवसांत मी एकही जेवण चुकवलं नव्हतं.

"पाव्हणा ताटावर बसायच्या आधी मी जेवू व्हय?" त्या म्हणाल्या. "असं कुटं असतं का?"

तेव्हा तीन दिवसांची उपाशी बाई बाजेवर बसून राहिली आणि मी जेवलो. ताई वाढत होती. भरभर उरकावं तर तेही वाईट दिसलं असतं, आणि हळू खावं तर त्या ताटकळत होत्या. शेवटी अर्धी भाकर तशीच ठेवून मी हात धुवायला मोरीत गेलो.

मोरीच्या कोनाड्यात साबण होता, दगड होता आणि त्यांच्या शेजारी एक डबा. त्याच्यावर तळपाय छापलेला, बोटं फाकवलेला.

मी हात ओलेच ठेवून उभा राहिलो. ताई मागे आली होती. "उसाला पाणी धरून आत्यांच्या पायाला चिखल्या होतात," ती हळू आवाजात म्हणाली. "तो डबा रोजचा आहे त्यांचा." मग तिने मोबाईल काढला आणि मी पाठवलेला फोटो माझ्यासमोर धरला. दोन बोटांनी तो मोठा केला. पाच देव ओळीने उभे, आणि त्यांच्या मागे, उजव्या कोपऱ्यात, उजेडात नीट आलेला तळपाय.

"फोटो आला तेव्हाच बघितला त्यांनी. वाचता येत नाही, पण डबा ओळखला. इथला डबा नेऊन शेजारी धरला आणि मला दाखवला."

"मग फोनवर बोलली का नाहीस?"

"मी विचारणार होते. आत्यांनी विचारू दिलं नाही. म्हणाल्या, विचारू नगं. विचारलं की पाव्हणं खोटं बोलत्याल, आन मग आपल्याला ते खरं धरून बसावं लागंल. तुझ्या म्हायेरचं मानूस हाय." ताईने मोबाईल बंद केला. "तुझे दाजी नगरला यायला निघाले होते, त्यांनापण बसवलं. आणि आज तर तुला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं, भाऊ."

ती आत गेली. पाण्याचा नळ मी उगाच चालू केला आणि बंद केला. लाज वाटली म्हणजे काय होतं ते मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं, लाज वाटली की मान खाली जाते. माझी नजर त्या तळपायावरून हलेना. मी मोरीच्या कठड्यावर बसलो. फसवलं हे तर होतंच. पण मी फसवतोय हे आदल्याच दिवशी ओळखून या बाईने माझी अब्रू राखली होती, तीही उपाशी पोटी, आणि मी गाडीवरून उतरल्या उतरल्या ती स्वतःच धुळीत घातली होती.

मी ठरवलं की आत्ताच्या आत्ता सगळं सांगायचं. हळद घासली ते, लाईट गेली नव्हती ते, ते बावीस फोटो, सगळं. पाय धरायचे. ठरवल्यावर मला जरा बरंही वाटायला लागलं, छाती हलकी झाली.

मी आत गेलो. मावशींनी नुकतंच ताट पुढे घेतलं होतं. दुधात भाकर कुस्करलेली, पहिला घास बोटांत होता. मी समोर बसलो. "मावशी," मी म्हणालो, "मला तुम्हाला एक सांगायचंय."

त्यांनी घास तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. फार दमलेल्या माणसाने पाहावं तसं.

"पाव्हणं," त्या म्हणाल्या, "तीन दिसांनी घास हातात आलाय. आता मला जेवू द्या."

मी उठलो आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.